मन मोकळं करायची खोली

अजूनही कुणी मला ‘जरा रिलॅक्स हो’ म्हणालं की डोक्यात तिडीक जाते. घरचे म्हणतात, वय झालं. वयाचा काही संबंध नाही. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला, एका काचेच्या इमारतीत मी आरोग्य विम्याच्या कंपनीत नोकरी करते. आमच्या मजल्यावर एका माणसाची जी वाट लावली गेली ती मी समोर बसून पाहिली आहे. राग त्या गोष्टीचा आहे, आणि तो उतरत नाही.

आमचं डेस्क कॅशलेसचं. पेशंटला डॉक्टरांनी घरी जा म्हटलं की हॉस्पिटल शेवटचं बिल आमच्याकडे पाठवतं. आम्ही ते तपासून मंजूर केलं की पेशंट सुटतो. तोवर तो घरचे कपडे घालून, पिशव्या भरून, पलंगाच्या कडेला बसलेला असतो आणि त्याचे नातेवाईक आम्हाला फोन करत असतात. पहिला फोन गोड असतो. तिसऱ्या फोनला आईबहीण निघते. मला कधी त्यांचा राग आला नाही. माझा माणूस असा ताटकळला असता तर मीही हेच बोलले असते.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर जो बसायचा त्याला सगळे ‘गाववाले’ म्हणायचे. मूळचा मालवणकडचा, पण जन्म, शाळा, सगळं घाटकोपरच्या भटवाडीत. वडील गिरणीत होते, ते वारले. घरी आई आणि तो. चाळिशीला टेकलेला, लग्नाचं कुणी काढलं की म्हणायचा, “ताई, माझं लग्न ह्या हेडफोनशी लागलंय, सवत कशाला?” आणि मग हसायचा. त्याचं हसणं भलतं मोठं. लिफ्टचं दार उघडायच्या आधी ऐकू यायचं. फोनवर मात्र आवाज एकदम मऊ. शिव्या घालणारा माणूस दोन मिनिटांत त्याला आपल्या बायकोच्या ऑपरेशनची हकिगत सांगायला लागायचा. डेस्कवर कुणाला जमत नसेल असा फोन आला की आम्ही तो त्याच्याकडे ढकलायचो. तोही घ्यायचा.

मग नवे साहेब आले.

माणूस दिसायला चांगला. पहिल्या दिवशी सगळ्यांना सामोसे दिले. दुसऱ्या आठवड्यापासून भर मजल्यावर उभं राहून नावं घेऊन ओरडायला लागले. रजेवरच्या माणसाला फोन, जेवताना फोन, एकीला सासऱ्यांच्या दहाव्याला फोन. हे सगळं आम्ही गिळलं. नोकरी म्हणजे थोडं गिळणं आलंच, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलंय. पण त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली आणि ती गिळता येण्यासारखी नव्हती.

बिल आलं की ठरलेल्या वेळात मंजूर करायचं बंधन असतं. माणसं कमी, बिलं जास्त, वेळ पाळता येत नव्हती. साहेबांनी युक्ती काढली. वेळ संपत आली की हॉस्पिटलला काहीतरी प्रश्न पाठवायचा. हा रिपोर्ट स्पष्ट नाही, त्या कागदावर सही दिसत नाही. प्रश्न गेला की आमचं घड्याळ थांबतं आणि उशीर हॉस्पिटलच्या नावावर चढतो. आणि नातेवाइकांचा फोन आला तर सांगायचं, “हॉस्पिटलकडून कागद आलेले नाहीत.” कागद समोर स्क्रीनवर उघडे असताना.

हे कुठे लिहिलेलं नव्हतं. साहेब खुर्चीच्या मागे येऊन हळू आवाजात सांगायचे.

एका दुपारी गाववाल्याला एका मुलीचा फोन आला. तिचे वडील सकाळपासून व्हीलचेअरवर बसले होते, पाठीचं ऑपरेशन झालेलं, बसवत नव्हतं. तो नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, “मॅडम, हॉस्पिटलकडून कागद आलेले नाहीत.” ती मुलगी ओरडली नाही. आमच्या डेस्कवर एकमेकांचे फोन आपल्या हेडफोनवर ऐकता येतात, म्हणून मला तिचं वाक्य ऐकू आलं. ती म्हणाली, “मी बिलिंग काउंटरवरच उभी आहे. त्यांनी तुम्हाला पाठवलेला मेल मी माझ्या डोळ्यांनी बघतेय. तुम्ही खोटं का बोलताय?”

तो स्क्रीनवरच्या कागदांकडे बघत बसला. ती “हॅलो, हॅलो” करत राहिली. शेवटी मी हात लांब करून त्याच्या स्क्रीनवरचं बिल मंजूर केलं. साहेबांनी नंतर मला झापलं, ती गोष्ट वेगळी.

त्यानंतर त्याचं हसणं बंद झालं. आधी मला वाटलं, जाईल चार दिवसांत. मग एके सकाळी मी खाली पोचले तर हा लिफ्टसमोर उभा. लिफ्ट आली, माणसं चढली, हा तिथेच. पुढची आली, तीही सोडली. मी म्हटलं, “काय रे, चल ना.” तर घामाने कपाळ थबथबलेलं. म्हणाला, “ताई, तू हो पुढे. दार बंद झालं की मला श्वासच येत नाही.” दुपारी छातीत दुखलं म्हणून घाटकोपरला डॉक्टरकडे गेला. सगळं तपासून डॉक्टर म्हणाले, हृदय उत्तम आहे, टेन्शन घेऊ नका. टेन्शन घेऊ नका! जसं काही आम्ही बाजारात जाऊन पिशवीभर घेऊन येतो.

हे मी कुणाला सांगितलं नाही. त्याच्या आईलाही नाही.

त्याच सुमारास दुसऱ्या टीममधली एक मुलगी चालू शिफ्टमध्ये चक्कर येऊन पडली आणि वरच्यांना जाग आली. जाग आली म्हणजे काय, तर पॅन्ट्रीशेजारची प्रिंटरची खोली रिकामी केली. तिथे दोन बसक्या गाद्या, एक मनी प्लांट, भिंतीवर सूर्योदयाचं चित्र. दारावर पाटी: ‘मनमोकळं’. दर बुधवारी एक समुपदेशक बाई येणार, कुणीही जाऊन बोलावं, सगळं गुप्त राहील. उद्घाटनाला एचआरवाल्यांनी आम्हाला उभं करून हास्याचा व्यायाम करायला लावला. हात वर, हा हा हा. हात खाली, हो हो हो. मागे डेस्कवर फोन वाजत होते. कुणाचा तरी बाप तिकडे व्हीलचेअरवर बसला असणार, आणि आम्ही पन्नास माणसं हात वर करून हा हा हा. साहेब पहिल्या रांगेत होते. सगळ्यात मोठ्याने तेच हसले.

माझा त्या खोलीवर विश्वास नव्हता. पण गाववाला गेला. आपणहून गेला. आणि खोटं का बोलू, त्याला बरं वाटलं. पहिल्या बुधवारनंतर बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा जरा सुटल्यासारखा होता. आम्ही खाली टपरीवर चहा प्यायलो.

“काय विचारलं रे तिने?”

“काही खास नाय. कसा आहेस म्हणाली.”

“ते तर मीपण विचारते.”

“तू विचारतेस तेव्हा तुझा फोन वाजत असतो ना ताई.” तो म्हणाला. “तिने विचारलं आणि गप्प बसली. मी बोलेपर्यंत गप्प.”

तो जात राहिला. झोप लागते म्हणाला. एकदा तर त्याने एका फोनवर सरळ सांगितलं, “सर, कागद आलेत, आमच्याकडून उशीर होतोय, मी बघतो.” आणि बघितलं. मला इतका आनंद झाला की मी माझ्या डब्यातली सुरळीची वडी सगळीच्या सगळी त्याला दिली.

मग वर्षाचं मूल्यमापन आलं. टीममध्ये सगळ्यात जुनी म्हणून साहेबांनी मलाही केबिनमध्ये बसवलं होतं. गाववाला समोर. साहेबांनी त्याचे आकडे वगैरे बघितले, मग पेन खाली ठेवून अगदी मायेच्या आवाजात म्हणाले, “लिफ्टमध्ये चढायला भीती वाटते म्हणे तुला.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. लिफ्टचं मला माहीत होतं. त्याला वाटलं, मीच. मी मान हलवली, नाही म्हणून, पण त्या नजरेला मान हलवणं पुरत नाही.

तेवढ्यात साहेब पुढे बोलले. “आणि घरी आईसमोर ताट फेकलंस. आज ताट फेकतोस, उद्या इथे काहीतरी फेकशील. मला बाकीच्यांचा विचार करायला हवा की नको?”

ताटाचं मला ठाऊक नव्हतं. त्यालाही लक्षात आलं की मला ठाऊक नाही. तो माझ्याकडे बघत होता ते थांबलं आणि तो काचेतून पलीकडे बघायला लागला. पॅन्ट्रीच्या दिशेने.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं, सर?” मी विचारलं.

“तो मुद्दा नाही,” साहेब म्हणाले. “मुद्दा आहे त्याच्या भल्याचा.”

त्याच्या भल्यासाठी त्याला तळघरात पाठवलं. जुन्या फायली स्कॅन करायच्या. फोन नाही, माणसं नाहीत, खिडकी नाही. वर म्हणाले, लिफ्टचाही प्रश्न मिटला. त्या वर्षी पगारवाढ नाही, कारण काम हलकं. मी आयुष्यात कुणावर हात उचललेला नाही. त्या दिवशी टेबलावरचा काचेचा पेपरवेट माझ्या मुठीत होता आणि तो खाली ठेवायला मला बराच वेळ लागला.

पुढच्या बुधवारी मी ‘मनमोकळं’मध्ये स्वतःच्या नावाने वेळ घेतली. समुपदेशक बाई म्हणजे तिशीच्या आतली पोरगी, कॉटनचा कुर्ता, छान हसणारी. “बसा ना, कशा आहात?” म्हणाली आणि गप्प बसली. मी बसलेच नाही.

“ताट फेकलं हे साहेबांना तू सांगितलंस?”

तिचा चेहरा उतरला. म्हणाली, “मी कुणाचं नाव देत नाही. एचआरला दर महिन्याला फक्त सर्वसाधारण आढावा द्यावा लागतो. कुणाला जास्त त्रास आहे, कुठल्या प्रकारचा, एवढंच.”

“काय लिहिलंस आढाव्यात?”

“कॅशलेस डेस्क, पुरुष, आईसोबत राहतो…”

“अगं, त्या डेस्कवर पुरुष किती आहेत? आईसोबत राहणारा कितवा आहे? मग नाव द्यायचं बाकी काय ठेवलंस?”

“त्यांनी मागितलं,” ती म्हणाली. “माझं पण कॉन्ट्रॅक्ट आहे, मॅडम. नाही दिलं तर दुसरी कुणीतरी येईल.”

“येऊ दे ना! तिला पण हेच विचारीन.”

ती रडायला लागली. कोपऱ्यात पाण्याची बाटली होती, मी ती पुढे केली नाही. तिच्यावर दबाव होता, ठीक आहे. आमच्यापैकी कुणावर नव्हता? पण तिच्या शिक्षणात पहिली गोष्ट हीच शिकवली असणार, की समोरचा जे बोलेल ते चार भिंतींत राहील. आणि तो बिचारा त्याच भरवशावर बोलला होता. जो माणूस कुणाशी बोलतच नाही त्याला निदान फसवलं जायची भीती नसते.

घरी मुलुंडला आले तर नवरा म्हणाला, “तू कशाला मध्ये पडतेस? तुझी थोडी वर्षं राहिलीत.” त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

रविवारी भटवाडीला गेले. गाववाला घरात होता, पलंगावर आडवा, टीव्ही चालू आणि आवाज बंद. त्याच्या आईने मला दारातच धरलं. “बस गो बाय, चाय घे.” मग आतल्या खोलीकडे बोट करून हळू आवाजात म्हणाली, “ह्येचो बापूस गिरणी बंद झाली तेव्हा असोच भिंतीकडे बघीत बसायचो. तेव्हा कोण इचारूक इलो नाय. ह्येका इचारल्यानी, आणि मगे गावभर केल्यानी. आता कोणाचो इश्वास धरूचो?”

ताटाबद्दल मी काही विचारलं नाही. तिनेच सांगितलं. साहेबांचा फोन ऐन जेवताना आला होता, तो बोलून झाल्यावर ताट भिंतीवर गेलं. “माज्यार नाय फेकल्यान,” ती पुन्हा पुन्हा सांगत होती. “भिंतीर फेकल्यान. मगे त्येनाच फरशी पुसल्यान.”

त्याने मला खाली नाक्यापर्यंत सोडलं. रिक्षा मिळेपर्यंत एकच वाक्य बोलला. “ताई, मला आधी तूच वाटलीस. सॉरी.”

“गप रे,” मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि मला रडायचं नव्हतं.

सोमवारी मी डेस्कवरच्या प्रत्येकाला, एकेकाला चहाला नेऊन, झालेलं सांगितलं. त्याच्या घरचं काही नाही. फक्त एवढंच, की त्या खोलीत बोललेलं साहेबांच्या केबिनमध्ये निघतं. त्या बुधवारी खोलीत कुणी गेलं नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. काचेतून दिसायचं, ती पोरगी एकटी बसून मोबाईल बघतेय. तिसऱ्या बुधवारी ती आलीच नाही.

मग एचआरच्या मोठ्या बाईंनी सभा बोलावली. पडद्यावर मोठ्या अक्षरात ‘तुमचं स्वास्थ्य, आमची जबाबदारी’. म्हणाल्या, आपण इतकी चांगली सोय केली, प्रतिसाद का नाही? मोकळेपणाने बोला.

मी उभी राहिले. मी म्हटलं, “मोकळेपणाने बोललेल्या माणसाला तुम्ही तळघरात पाठवलंत. मग कोण बोलणार?”

“हा वैयक्तिक विषय आहे, आपण नंतर…”

“वैयक्तिक होता, तो तुम्ही केबिनमध्ये आणलात. मला मन हलकं करायचं नाहीये, मॅडम. आमची मनं ठीक होती. आम्हाला रोज आजारी माणसांच्या घरच्यांशी खोटं बोलायला लावतात. कागद समोर असताना नाही आले म्हणून सांगायला लावतात. ते बंद करा. दोन माणसं जास्त द्या. ऑफिस सुटल्यावर फोन करू नका. मग त्या गाद्या आणि ते झाड तुम्ही घरी घेऊन जा.”

साहेब उठले. “हे असं कुणीही सांगितलेलं नाही. कोण म्हणतं?”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, संपलं आता. मग जिच्या सासऱ्यांच्या दहाव्याला फोन आला होता ती उभी राहिली. “मला सांगितलंत सर. माझ्या खुर्चीमागे उभं राहून.” मग आणखी एक. मग तो एक जाडा मुलगा, जो कधी कुणाशी बोलत नाही. तो फक्त “मलापण” म्हणाला आणि बसला.

सभा गुंडाळली. मला वाटलं होतं, काढतील. काढलं नाही, कारण उद्या मी बाहेर जाऊन काय बोलेन याची त्यांना भीती होती. माझ्यावरच्या प्रेमाने नाही. दोन माणसं मिळाली. खुर्चीमागे उभं राहून हळू आवाजात सांगणं थांबलं. साहेबांना शिक्षा झाली का? नाही. त्यांना बंगळुरूला पाठवलं, वरच्या पदावर. निरोपाला केक होता. मी तो खाल्ला नाही, पण बाकीच्यांनी खाल्ला, आणि त्यांचाही मला राग आला.

गाववाल्याला परत वर बोलावलं. तो आला नाही. त्याने राजीनामा दिला आणि काही महिने घरी होता. मग मी आणि त्याच्या आईने मिळून त्याला महापालिकेच्या हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जायला राजी केलं. पहिल्या दिवशी मी सोबत होते. बाहेर बाकावर खूप गर्दी, आत एक वयस्कर डॉक्टर, टेबलावर डबा उघडा, दोन घासांमध्ये पेशंट बघत होते. त्यांनी विचारलं, “काय होतंय?”

तो दाराकडे बघत होता. म्हणाला, “हे बाहेर जात नाय ना?”

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. “कुठे जाणार?”

“ऑफिसात.”

“तुमचं ऑफिस मला माहीत नाही आणि मला विचारायचंही नाही,” डॉक्टर म्हणाले. तरी त्या दिवशी तो काही बोलला नाही. गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आला. मनातलं बोलायला पुढे बरेच महिने गेले. त्या महिन्यांचा हिशोब मी कुणाकडे मागायचा?

आता तो भांडुपला एका औषधाच्या घाऊक दुकानात बसतो. पगार कमी. मालक तापट आहे म्हणतो, पण संध्याकाळी शटर पडलं की पडलं, मग फोन नाही. गोळ्या चालू आहेत. मधे आईला घेऊन गावी जत्रेला गेला होता, तिथून मला फोन केला. मागे इतका कालवा होता की तो काय बोलतोय ते कळेना. हसत होता एवढं कळलं. पूर्वीइतकं मोठं नाही.

मी अजून तिथेच आहे, त्याच डेस्कवर. मागच्या महिन्यात नव्या लागलेल्या एका मुलीला फोनवर कुणीतरी इतकं बोललं की तिला समोरचं बिल दिसेना. बंगळुरूला गेलेल्यांच्या जागी आलेले नवे साहेब केबिनमधून बाहेर आले, हातात घड्याळ नसताना मनगटाकडे बघत. मी तिच्या कानावरचा हेडफोन काढला, माझ्या कानावर लावला आणि म्हटलं, “खाली जा. चहा पी. हवं तर रडून ये. घाई नाही.”

“मॅडम, सर…” ती म्हणाली.

“सरांना मी बघते.”

साहेब माझ्या खुर्चीपर्यंत आले. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते आले तसे परत केबिनमध्ये गेले. फोनवरचा माणूस अजून ओरडत होता. मी त्याला म्हटलं, “बोला सर, ऐकतेय. कोण आहे हॉस्पिटलात तुमचं?”